इयत्तेनं थोरली, वयानं धाकटी

शालूला मैदानावर पाठवायची कल्पना माझी नव्हती, हे मी सुरुवातीलाच नमूद करून ठेवतो. एकवीस वर्षं सरकारी कारकुनी केलेला माणूस आहे मी. कुठली गोष्ट कुणाच्या नावावर टाकायची, एवढं मला समजतं. ही गोष्ट पुण्याहून आलेल्या त्या पाहुण्यांच्या नावावर पडली पाहिजे, आणि ती तिथंच राहिली पाहिजे.

पंच्याहत्तर सालचा जुलै महिना. शाळेत पालकांची सभा होती. मी अशा सभांना आवडीनं जात असे, कारण तिथं शालूचं नाव हमखास निघे. पहिलीपासून तिचा पहिला नंबर. चौथीची तर तिला इयत्ताच दिली नाही, तिसरीतून थेट पाचवीत घातली. स्कॉलरशिपही तिलाच. साताऱ्यात आमच्या पेठेत मला 'शालूचे वडील' म्हणून ओळखतात, आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. त्या दिवशी मात्र पुण्याहून एक शिक्षणतज्ज्ञ आले होते. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. शिक्षणतज्ज्ञाच्या गळ्यात शिट्टी बघितल्यावरच मी सावध व्हायला हवं होतं.

"हुशार मुलांच्या पालकांनो," ते म्हणाले, "तुम्ही आपल्या मुलांचं नुकसान करताय! खेळाचा तास आला की तुमची मुलं पोटात दुखतंय म्हणून चिठ्ठी आणतात. आणि चिठ्ठीवर सही तुमची असते!"

सगळी सभा वळून माझ्याकडे बघायला लागली. आता, चिठ्ठ्या मी दिल्या होत्या हे खरं आहे. पण सभेनं वळून बघावं इतक्या नव्हत्या. माझी कानशिलं तापली. मी उभा राहिलो आणि भर सभेत म्हणालो, "माझी मुलगी उद्यापासून मैदानावर दिसेल!"

टाळ्या झाल्या. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्या त्या कृष्णातरावांनी. हे आमचे शेजारी. आमच्याच कचेरीत पलीकडच्या टेबलावर असतात. त्यांचा चिरंजीव शालूच्या वर्गात, आणि त्याचा नंबर कायम दुसरा. त्या टाळ्यांचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. पण टाळ्या आपल्यासाठी वाजत असल्या की माणूस अर्थ बघत नाही.

घरी आल्यावर लीलानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, पोळपाटावरचं लाटणं थांबवून विचारलं, "तिला जिना चढताना धाप लागते. ती काय खेळणार?"

"काहीही खेळेल. तो प्रश्न नाही. मी शब्द दिलाय."

शालू कोपऱ्यात पुस्तक वाचत होती. चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "अण्णा, खेळाच्या नियमांचं पुस्तक मिळेल का?"

झालं, दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या पेठेला आमच्या घरात कामं निघाली. समोरच्या आक्काताई आल्या आणि पाट ओढून बसल्या. "पोर उन्हात काळी पडंल. आन् पळून पळून पायाच्या पोटऱ्या अशा व्हत्यात," असं म्हणून त्यांनी हातानं एका मोठ्या भोपळ्याचा आकार दाखवला. तरीसुद्धा जायचंच असेल तर रोज नाचणीची आंबील द्या, असं सांगून त्या गेल्या. ती आंबील शालूला आवडेना. ती वाया जाऊ नये म्हणून दोन महिने मी प्यालो.

कृष्णातरावांनी तर शालूसाठी नवे कॅनव्हासचे बूट आणले. "घ्या, आमच्याकडनं भेट," ते म्हणाले. "अभ्यासाचं काय हो, अभ्यास जन्मभर हायच." मी डोळ्यांत पाणी आणून त्यांचे आभार मानले. आज ते आठवलं की मला माझीच चीड येते.

पण या सगळ्यांवर कडी केली ती सुभेदार लालासाहेबांनी. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, आमच्या घरमालकांचे थोरले बंधू. पहाटे पाचला ते आमच्या दारात येऊन ओरडले, "फॉलीन!" शालू डोळे चोळत बाहेर आली. ते मला म्हणाले, "तुमी बी चला. पोरीसंगं बाप पळाला की पोरीचं मोराल ऱ्हातं."

"अहो सुभेदार, खेळायचंय तिला."

"डबल मार्च!"

फौजेतल्या माणसाशी वाद घालायला आधी श्वास लागतो, आणि मी तोपर्यंत पळायला लागलो होतो. चार भिंतीच्या टेकडीच्या चढावर शालू माझ्या पुढं गेली. मग एक दूधवाला सायकल हातात धरून चालत माझ्या पुढं गेला. पोवई नाक्यावर मी बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात धापा टाकत असताना समोरून आमचे कचेरीतले साहेब कुत्र्याला घेऊन आले. ते कुत्र्याला ओढत बाजूनं निघून गेले. कचेरीत मात्र त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "जोतीराम, सगळं ठीक आहे ना? कुणी मागं लागलं होतं का?"

एकवीस वर्षांची नोकरी. एकही शेरा नाही. आणि साहेबांच्या मनात माझं हे चित्र!

शाळेत निकमबाई खोखो शिकवायच्या. त्यांनी शालूला पहिले पंधरा दिवस नुसतं बाजूला बसवलं. ती सगळ्यांत बुटकी, सगळ्यांत हळू. पळायला उठली की दुसऱ्याच वळणावर बाद. चष्म्याला लीलानं इलॅस्टिक शिवून दिलं होतं, तरी तो नाकावरून उडायचा. रोज गुडघे फुटलेले. मी म्हटलं, चला, दिलेला शब्द पाळून झाला, आता पोटदुखीची एक चिठ्ठी द्यायला हरकत नाही.

तेवढ्यात एक दिवस निकमबाई घरी आल्या. म्हणाल्या, "तुमच्या मुलीनं काय केलंय माहीत आहे? पंधरा दिवस बसून तिनं सगळ्या मुलींची सवय लिहून काढलीय. कोण कुणाला खो देते, कोण कुठल्या खांबाला दमते, कोण डावीकडं वळायला बिचकते. काल मी तिला पळायला उभी केली. तीन मिनिटं कुणाच्या हाताला लागली नाही! पळते कासवासारखी, पण पाठलाग करणारी जिथं जाणार तिथं ती आधीपासूनच नसते!"

शालू संघात गेली. आणि मग मला जे भोगावं लागलं ते मी सांगतो. सहामाहीचा निकाल लागला. आयुष्यात पहिल्यांदा शालूचा नंबर दुसरा आला. त्या संध्याकाळी कृष्णातराव पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात उभे! "घ्या," ते म्हणाले. "आणि पोरीला बोलू नका हां. खेळू द्या तिला. खेळाडू मन पायजे."

मी दार लावलं आणि शालूला बोलावलं. "पुरे झालं. उद्यापासून खोखो बंद."

"का?"

"का म्हणजे? नंबर गेला!"

"नंबर वार्षिकला परत येईल, अण्णा. पण मी सोडलं तर टीममध्ये माझ्या जागी कोण? आणि तुम्ही सगळ्यांसमोर बोललाय."

हुशार मुलांचं हे असं असतं. आपण बोललेलं ती लक्षात ठेवतात.

नोव्हेंबरात सांगलीला विभागाचे सामने होते. निकमबाईंनी फॉर्म भरले. आणि आठ दिवसांनी सांगलीच्या क्रीडा कचेरीतून पत्र आलं. ते पत्र मी सतरा वेळा वाचलं. सरकारी भाषा माझी घरचीच. पण त्यात काय म्हटलं होतं ते साध्या शब्दांत सांगतो. धाकट्या गटाला इयत्तेची अट: सातवीपर्यंत. थोरल्या गटाला वयाची अट: चौदा पूर्ण. आमची शालू नववीत, म्हणून धाकट्या गटात चालत नाही. आणि शाळेच्या दाखल्याप्रमाणं वय तेरा, म्हणून थोरल्या गटात चालत नाही. इयत्तेनं थोरली, वयानं धाकटी. सबब, सदर विद्यार्थिनी कोणत्याही गटात आढळून येत नाही!

मला सांगा, जिवंत मुलगी आहे. रोज दोन भाकरी खाते. ती आढळून येत नाही?

खाली एक तळटीप होती. खास बाब म्हणून लहान वयाच्या मुलीला थोरल्या गटात खेळायला परवानगी मिळेल. मात्र त्यासाठी वडिलांची संमती आणि जन्माच्या नोंदवहीतला मूळ उतारा जोडावा. शाळेचा दाखला ग्राह्य नाही.

ही तळटीप वाचून लीला माझ्याकडे बघायला लागली आणि मी भिंतीकडं बघायला लागलो.

इथं मला एक गोष्ट उघड करणं भाग आहे. शालू साडेचार वर्षांची होती तेव्हाच घडाघडा वर्तमानपत्र वाचायची. अशा मुलीला दीड वर्ष घरात बसवून ठेवायचं? मी तिला शाळेत घेऊन गेलो. गुरुजींनी तिला वाचायला लावलं, थक्क झाले आणि दौत पुढं ओढून म्हणाले, "वय किती लिहू?" मी म्हणालो, "बसेल तेवढं लिहा." त्यांनी एक जून एकोणीसशे बासष्ट लिहिलं. अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म एक जूनला झालाय, त्यात आणखी एक. घरात आम्ही तेच वय बोलायचं ठरवलं, शालूसमोरसुद्धा, कारण लहान पोर कुठंतरी बोलून जायचं. नंतर आमचं आम्हालाच ते खरं वाटायला लागलं. तर, शालू शाळेच्या हिशेबानं तेरा वर्षांची. आणि खऱ्या हिशेबानं बारासुद्धा नाही, अकराच पुरी.

यात माझी चूक आहे असं काही लोक म्हणतील. म्हणोत. ज्या सरकारला हुशार मुलीचं वय सहा वर्षं झाल्याशिवाय अक्षर दिसत नाही, त्या सरकारला कुणी काही म्हणत नाही.

कृष्णातरावांना कसा वास लागला देव जाणे. मला कचेरीच्या जिन्यात गाठून म्हणाले, "घाबरता कशाला? जन्म कुठला? लोणंदचा ना, वहिनींच्या माहेरचा? मग पंचायतीत जायचं आन् 'नोंद आढळत नाही' असा दाखला आणायचा. मग त्यांना शाळेचंच वय धरावं लागतंय. पोरीचं खेळणं थांबलं न्हाई पायजे."

एवढा उपयोगी सल्ला मला त्या माणसाकडून मिळावा याचंही मला वाईट वाटलं.

मी रजा काढून लोणंदला गेलो. पूर्ण प्रवासभर मी खूश होतो. कारण सरकारी दप्तर मला ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वीची नोंद! ती वाळवीनं खाल्ली असेल, पावसात भिजली असेल, नाहीतर ज्याच्याकडं किल्ली तो माणूस लग्नाला गेला असेल. आयुष्यभर मी ज्या गोष्टींनी छळला गेलो, त्या आज माझ्या कामी येणार होत्या.

पण मी एक विसरलो. आणीबाणी लागू होऊन चार महिने झाले होते. पंचायतीची कचेरी साडेदहाला उघडी! भिंतीवर तत्परतेनं काम करण्याबद्दलचा नवाकोरा फलक, आणि त्याखाली जालिंदर नावाचा एक तरुण कारकून, केसांना तेल लावून, ताठ बसलेला. त्यानं मला खुर्ची दिली. चहा सांगितला. मी खुर्चीच्या कडेवरच टेकलो.

"कंचं साल म्हनला, सायेब?"

"बासष्ट. एक जून," मी म्हणालो.

त्यानं कपाट उघडलं. वह्या लाल फडक्यात बांधून, सालाच्या चिठ्ठ्या लावून ओळीनं ठेवलेल्या. त्यानं बासष्टची वही चाळली. "न्हाई, सायेब. न्हाई दिसत."

"मग 'नोंद आढळत नाही' असं लिहून द्या," मी इतक्या आनंदानं म्हणालो की तो चमकला.

"असं कसं? पोरीचा बाप एवढ्या लांबनं आलाय, आन् मी तसाच परत पाठवू? थांबा की. एखांद्या वक्ती साल चुकतंय मानसाचं." आणि त्यानं त्रेसष्टची वही काढली.

"अहो, राहू द्या. तुमच्या कामाचा खोळंबा होतोय."

"हेच आमचं काम हाय न्हवं?" त्यानं चौसष्टची वही उघडली, बोट लावलं आणि उडीच मारली. "घावली! अकरा जानेवारी चौसष्ट. मुलगी. आईचं नाव लीला, बापाचं जोतीराम. आवं सायेब, तुमची पोरगी तुमी समजताय तेच्यापरीस दीड वर्सानं ल्हान हाय! लय आनंदाची बातमी!"

"वहीत चूक असेल," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. "सायेब, आमच्या आज्याच्या टायमापास्नं ही वही हाय. हिच्यात चूक न्हाई व्हत."

दहा मिनिटांत सहीशिक्क्यासकट उतारा माझ्या हातात पडला. त्यावर तालुक्याचा शिक्का लागतो, असं तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. तालुक्याला, खंडाळ्याला, जायचं म्हणजे दिवस गेला, शिक्का काही मिळत नाही. खंडाळ्याला पोचलो तेव्हा साहेब जेवायला उठले होते. मला बघून ते परत बसले. शिक्का मारला. डबा नंतर उघडला. आयुष्यात ज्या एका दिवशी मला सरकारकडून दिरंगाई हवी होती, त्या दिवशी तिनं माझा असा विश्वासघात केला. दाद तरी कुणाकडं मागायची?

सामन्याच्या दिवशी पहाटे तो उतारा मी कोटाच्या आतल्या खिशात घातला. दाखवायचा नव्हता. पण घरी ठेवायचा धीर होईना. कागद जवळ असला की मला बरं वाटतं. बेत असा होता की समक्ष भेटून, एका कारकुनानं दुसऱ्या कारकुनाला समजावून सांगावं. बरोबर निकमबाई, संघाचे मॅनेजर म्हणून सुभेदार, आणि नऊ मुली. बारा होत्या, पण तिघींचे डोळे आले होते. नऊच्या नऊ. एक जरी कमी झाली तरी आठ जणींचा संघ मैदानात घेत नाहीत.

सांगलीच्या क्रीडा कचेरीत दादासो नावाचे हेडक्लार्क होते. पिकलेल्या मिशा, नाकावर चष्मा. मुली बाहेर व्हरांड्यात बसून भडंग खात होत्या. शालू माझ्याबरोबर आत आली, कारण तिची ओळख पटवायची होती.

"उतारा आणला?" दादासोंनी विचारलं.

"त्याचं असं आहे," मी सुरुवात केली, "आमच्याकडची जुनी दप्तरं, वाळवी, पाऊस..."

"अण्णा," शालू म्हणाली, "तो कोटाच्या आतल्या खिशात आहे. सकाळी घातलात ना?"

मी तिच्याकडं बघितलं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती मला मदत करत होती.

"बाहेर जा," मी म्हणालो. "केसांची रिबीन सुटलीय."

ती गेली. दादासोंनी हात पुढं केला. मी उतारा दिला. त्यांनी तो आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सायेब, ह्या दोन पोरी दिसत्यात."

सुभेदार आतापर्यंत सावधान उभे होते. ते वाकून दोन्ही कागद वाचायला लागले आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"आता बघा," दादासो शांतपणे म्हणाले, "अकराची पोरगी थोरल्या गटात खेळतो म्हनली तर मी परवानगी देऊ शकतो, तसा नियम हाय. पर खरं वय कंचं, हे तुमच्या हातनं लिहून पायजे. लिवा: 'मी माझ्या मुलीची जन्मतारीख शाळेत खोटी दिली.'"

"'खोटी' हा शब्द इथं योग्य नाही. 'अनवधानाने वेगळी' असं लिहितो."

"अनवधानानं दीड वर्स?"

"'समजुतीच्या चुकीने'."

"कुनाच्या समजुतीच्या?"

"गुरुजींच्या."

"जोतीराम!" सुभेदार कडाडले. "पोस्ट सोडून पळू नका!"

बोलायला त्यांचं काय जातं? सरकारी नोकर मी होतो. आणीबाणी चालू. शेजारच्या कचेरीतल्या दोघांना चार ओळींच्या कागदावर घरी पाठवलं होतं. आणि मी माझ्याच हातानं, माझ्याच अक्षरात, लिहून द्यायचं की मी सरकारी दप्तरात खोटं सांगितलं? खोखोसाठी? पुण्याच्या एका शिट्टीवाल्यासाठी? मी पेन टोपणात घातलं. परत जायचं ठरवलं.

उठताना खिडकीतून व्हरांडा दिसला. शालू फरशीवर खडूनं रेघा मारून काहीतरी समजावत होती. सगळ्यांत बुटकी पोर, आणि तिच्याभोवती आठ डोकी वाकलेली. संघाची कॅप्टन बनी, चांगली सतरा वर्षांची, जवळजवळ माझ्याएवढी उंच, तीसुद्धा तोंडात भडंग तसंच ठेवून ऐकत होती. मग शालू काहीतरी बोलली आणि नऊच्या नऊ जणी खिदळल्या.

आमच्या दारात शालूला हाक मारायला तोपर्यंत जी मुलं आली होती, ती सगळी गणित अडलं म्हणून आली होती.

मी परत बसलो. पेन काढलं. "'खोटी' नाही लिहिणार," मी म्हणालो. "'चुकीची' लिहीन. आणि 'मी स्वतः' असं लिहीन."

"चाललं की," दादासो म्हणाले आणि कागद पुढं सरकवला.

लिहून दिलं. त्याचा मेमो पुढं यायचा तो आलाच, एक वेतनवाढ थांबली, आणि मॅट्रिकला बसायला शालूला एक वर्ष थांबावं लागलं. तेवढ्या वर्षात कृष्णातरावांचा चिरंजीव पहिला येऊन पुढं गेला. पण हे सगळं नंतर. त्या वेळी दादासोंनी शिक्का मारला आणि म्हणाले, "पळा. तुमचा पुकारा झालाय."

सामना मिरजेच्या एका संघाशी होता. त्या मुली बघून मला घाम फुटला. त्यांच्यातली एक माझ्यावर पडली असती तर मला रजा काढावी लागली असती. शेवटच्या पाळीत शालू पळायला उतरली. तिच्याबरोबरच्या दोघी लगेच बाद झाल्या, पण शालू काही सापडेना. पाठलाग करणारी डावीकडं आली की ही खांबामागून उजवीकडं. एक मिनिट, दोन, तीन. बाहेर बसलेली सांगलीची माणसं ओरडायला लागली, "आरं, ती चष्मेवाली बघा रं, केवढीशी हाय!" चार मिनिटं. साडेचार. आणि चष्मा उडाला.

कुणीही शहाणा माणूस चष्मा सोडून पळाला असता. शालू थांबली आणि जमिनीवर हात फिरवत चष्मा शोधायला लागली. त्या धिप्पाड मुलीनं येऊन तिच्या पाठीवर थाप मारली. बाद!

मी कधी मैदानात शिरलो ते मला आठवत नाही. पंचांच्या पुढं उभा राहून मी म्हणत होतो, "ती चष्मा शोधत होती! शोधणाऱ्या माणसाला बाद करतात? कुठल्या नियमात बसतं?" पंचांनी शिट्टी वाजवली. मग आणखी जोरात वाजवली. सुभेदारांनी माझ्या बगलेत हात घालून मला सगळ्या सांगलीदेखत उचलून मैदानाबाहेर नेलं. "मार्च ऑफ, जोतीराम, मार्च ऑफ." मी चालत होतो असं सुभेदार आजही सांगतात, पण माझे पाय जमिनीला लागले नव्हते.

एका गुणानं हरलो.

चारच्या एसटीनं निघालो. मुली थोडा वेळ रडल्या, मग पेरू खाल्ले, मग गाणी म्हणायला लागल्या. शालू माझ्याशेजारी चष्म्याच्या काचा पुसत बसली होती. कऱ्हाड गेलं तरी पुसतच.

"एका गुणाचं काय एवढं," मी म्हणालो.

"गुणाचं नाही, अण्णा." ती खिडकीकडं तोंड करून बोलत होती. "मी काहीतरी कमी आहे. सगळ्यांत बुटकी. सगळ्यांत हळू. वर्गातल्या मुली माझ्यापेक्षा एका वर्षानं तर मोठ्या आहेत फक्त. मी रोज पहाटे उठते, पळते, तरी त्यांच्याएवढं होत नाही. माझ्या शरीरात काहीतरी बिघाड आहे. तुम्ही डॉक्टरला दाखवाल का?"

मला वाटलं, कुणीतरी माझ्या तोंडात मारली. ही मुलगी किती दिवस हे मनात घेऊन पळत होती?

"शालू," मी म्हणालो, "तू तेरा वर्षांची नाहीस."

"मग?"

"अकरा. पुढच्या जानेवारीत बारा होशील. शाळेत मी वय वाढवून सांगितलं होतं. चूक माझी आहे." आयुष्यात ही कबुली मी दुसऱ्यांदा दिली, आणि दोन्ही वेळा एकाच दिवशी.

तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. मी तिच्या रागावण्याची वाट बघत होतो. रागावणं तिचा हक्क होता. पण ती बोटं मोजायला लागली होती.

"म्हणजे वर्गातल्या मुली माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या?"

"तीन, साडेतीन."

"आणि बनी सहा वर्षांनी?"

"जवळजवळ."

"आणि त्या मिरजेच्या मुली मला साडेचार मिनिटं पकडू शकल्या नाहीत?"

"नाही."

शालू बाकावर उभी राहिली. चालत्या एसटीत, दांडीला धरून, ती गळा फाडून ओरडली, "ए बने! मी अकराचीच हाय! मला काय पण झालेलं न्हाई! मी ल्हान हाय, ल्हान!"

गाणं थांबलं. बनीनं मागं वळून बघितलं. "अकरा? आगं, मग तू आमची लिंबूटिंबूच की!"

"लिंबूटिंबू न्हाई! साडेचार मिनिटं!"

"साडेचार मिनिटं!" सुभेदारांनी पुढच्या बाकावरून आरोळी दिली, आणि मग आठही मुली तेच ओरडायला लागल्या. सगळी गाडी वळून बघत होती. पुढून कंडक्टर आपली पेटी सावरत, बाकांना धरत आमच्यापर्यंत आला. शालूला त्यानं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अकरा वर्सांची हाय ही?"

"होय," शालू छाती काढून म्हणाली.

"सायेब," कंडक्टर माझ्याकडं वळला, "बारा वर्साखाली अर्धं तिकीट असतंय. मग हिचं फुल कशापायी काढलंय तुमी?"

निकमबाई बघत होत्या. सुभेदार बघत होते. नऊच्या नऊ मुली माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

"हौस म्हणून," मी म्हणालो.